चाकांवरचं बिऱ्हाड आणि बर्फातली रात्र

आपल्या मराठवाड्यात थंडी म्हणजे पाहुणी. दिवाळीनंतर येते, संक्रांतीचा तिळगूळ खाते आणि निघून जाते. परभणीचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होते. अशा मुलखातल्या माणसानं बर्फातल्या मुक्कामावर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. पूर्वी आमच्याकडे शाळेच्या गाड्या यायच्या, रुग्णवाहिका यायच्या. गेल्या काही वर्षांत वेगळीच गिऱ्हाइकं येऊ लागली आहेत. टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन येतात आणि म्हणतात, "काका, यात झोपायची सोय करून द्या. जानेवारीत मनालीला जायचंय, स्कीइंग शिकायला."

ही तरुण मुलं आहेत. कुणी वाळूजच्या कारखान्यात इंजिनीअर, कुणी डॉक्टर, कुणी पुण्याला संगणकावर काम करणारी. मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत किंवा गुलमर्गला स्कीइंगचे अभ्यासक्रम चालतात, ते त्यांनी केलेले असतात. आता स्वतःच्या गाडीनं जायचं असतं. इथून मनाली सतराशे-अठराशे किलोमीटर, गुलमर्ग दोन हजारांच्या वर. हॉटेलांचे दर हंगामात परवडत नाहीत आणि पहाटे उठून पहिल्या उतारावर पोहोचायचं असतं. मग गाडीतच बिऱ्हाड. २०२१ साली महाराष्ट्र शासनानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून या हौसेला जरा प्रतिष्ठाही आली आहे.

यात मराठी माणसाचा एक जुना धागा आहे. ज्या गाडीवर ही बिऱ्हाडं उभी राहतात, ती बहुतेक वेळा पुण्याच्या आकुर्डीतल्या बजाज टेम्पो कंपनीची, म्हणजे २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सची असते. मॅटाडोर आठवते ना? लग्नाचं वऱ्हाड, भाजीपाला, निवडणुकीचा प्रचार, सगळं तिनं वाहिलं. तिच्या मागून ट्रॅव्हलर आली. उंच छत, सपाट तळ, मागे रुंद दार. माणूस आत उभा राहू शकतो, म्हणून तिच्यात घर मांडता येतं.

पण घर मांडणं आणि घर उबदार ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज मला दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे, कारण तिच्यात जिवाचा प्रश्न आहे.

आधी थोडा हिशेब करू. अशा गाडीच्या आतला पत्रा आणि काचा मिळून साधारण ३५ चौरस मीटर धरा. बाहेर उणे १० अंश, आत आपल्याला हवेत १५ अंश. म्हणजे फरक २५ अंशांचा. नुसता पत्रा असेल, तर एवढा फरक टिकवायला जवळजवळ पाच किलोवॅट उष्णता सतत द्यावी लागेल. पण याच पत्र्याला आतून २५ मिलिमीटर जाडीचा, बंद छिद्रांचा फोम चिकटवला, तर हीच गरज एक ते दीड किलोवॅटवर येते. त्यात हवा खेळती ठेवण्यासाठी लागणारी उष्णताही आली. म्हणजे हीटर कोणता, हा प्रश्न नंतरचा. आधी पत्र्याला गोधडी शिवायची.

हा फोम तुम्ही पाहिलेला आहे. वातानुकूलन यंत्राच्या नळ्यांवर काळा, रबरासारखा थर असतो, तोच. थर्माकोल स्वस्त पडतो, पण गाडीच्या हादऱ्यांनी त्याचा भुगा होतो आणि तो करकरतो. काचेची लोकर घातली तर ती पाणी धरून ठेवते. आमचे कारागीर छत आणि बाजू नीट झाकतात. पण लोखंडी कमानी तशाच उघड्या राहिल्या, तर त्यांच्यातून ऊब पळते आणि पहाटे त्यांच्यावरच दव जमतं. म्हणून कमानींवरही पातळ थर हवा. तळाला फोम, त्यावर प्लायवूड, त्यावर सतरंजी. काचांना मापात कापलेल्या जाड झडपा. आणि चालकाची जागा व झोपायची जागा यांच्यामध्ये जाड पडदा, कारण समोरची मोठी काच म्हणजे उघडी खिडकीच समजा.

दव कुठून येतं, तेही सांगतो. झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पेला-दीड पेला पाणी बाहेर टाकतो. चौघं असतील तर लिटरभर सहज झालं. गॅसची शेगडी आत पेटवली, तर एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. हे सगळं पाणी थंड पत्र्यावर जाऊन बसतं, अंथरूण ओलं होतं, आणि ओल्या अंथरुणात ऊब धरत नाही. आपल्या धनगरांच्या घोंगडीची थोरवी इथे कळते. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही. मी मुलांना सांगतो, महागडी स्लीपिंग बॅग घ्या, पण खाली एक घोंगडी अंथरा.

आता हीटर. पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो तो विजेचा. घरातला दोन किलोवॅटचा हीटर बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा, तर १६० अँपिअरच्या वर करंट लागतो. शंभर अँपिअर-अवरची बॅटरी अर्ध्या तासात झोपते. तो मार्ग बंद.

दुसरा विचार गॅसचा. एक तर घरगुती लाल सिलिंडर घरासाठी आहे, गाडीत न्यायचा नाही. शिवाय आपल्या गॅसमध्ये ब्यूटेन बरंच असतं आणि ब्यूटेन शून्याच्या जरा खाली गेलं की वाफ व्हायचंच थांबतं. म्हणजे जेव्हा सर्वांत जास्त गरज, तेव्हा शेगडी मंदावते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं गळती झाली तर तळाशी साचतो, जिथे माणसं झोपलेली असतात.

तिसरा विचार कोळशाच्या शेगडीचा, आणि खरा धोका तिथे आहे. मागे एका गटातल्या मुलानं मला विचारलं, "काका, छोटी शेगडी ठेवली तर? दोन खिडक्या आहेत की, उघड्या ठेवू." मी म्हटलं, "बाळा, थंडी वाजली की तू पहिल्यांदा ती खिडकीच लावणार."

कोळसा, गॅस, लाकूड, डिझेल, काहीही अपुऱ्या हवेत जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. जागा माणूस म्हणतो प्रवासाचा शीण आहे, उंचीचा त्रास आहे. आणि झोपलेल्या माणसाला तर काही कळतच नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळहून गेलेले आठ पर्यटक, त्यात लहान मुलंही, गॅस हीटर लावून बंद खोलीत झोपले आणि उठले नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं दगावली. काही थंडीनं, तर काही इंजिन चालू ठेवून बसल्यानं. बर्फ सायलेन्सरच्या तोंडाशी साचला की धूर मागे फिरतो आणि गाडीत शिरतो.

मग उपाय काय? त्याला डिझेलचा पार्किंग हीटर म्हणतात. जर्मनीत वेबास्टो आणि एबरस्पेशर या कंपन्या तो कित्येक दशकं बनवत आल्या आहेत. आता चिनी बनावटीचे स्वस्त हीटरही मिळतात. त्यातली खुबी साधी आहे. जळण्यासाठी लागणारी हवा तो गाडीबाहेरून घेतो, धूरही बाहेर टाकतो. गाडीतली हवा गरम धातूच्या बाहेरून फिरते. ज्वाला आणि माणूस यांच्यामध्ये धातूची भिंत असते. दीड-दोन लिटर डिझेलमध्ये रात्र निघते. इंजिन नुसतं चालू ठेवलं तर एवढं डिझेल दोन-तीन तासांत संपेल. पंख्याला आणि पंपाला रात्रभरात वीस अँपिअर-अवरच्या आसपास वीज लागते. त्यासाठी वेगळी बॅटरी हवी, नाहीतर सकाळी गाडी सुरू व्हायची नाही. ती बॅटरी लिथियमची असेल तर शून्याखाली चार्ज करायची नाही, म्हणून ती पलंगाखाली, उबेत ठेवायची.

आणखी एक गोष्ट उंचीची. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरतो. हीटर मात्र डिझेल तेवढंच ओततो. मग काजळी धरते आणि ऐन रात्री हीटर बंद पडतो. म्हणून उंचीनुसार डिझेल कमी करणारी सोय असलेलाच हीटर घ्यावा.

डिझेलचंही तसंच. आपल्याकडचं डिझेल उष्ण हवेसाठी असतं. थंडीत त्यातलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. भारतीय मानकात साध्या हिवाळी डिझेलनंसुद्धा ३ अंशांपर्यंत वाहतं राहावं, एवढीच अट आहे. २०१९ साली इंडियन ऑइलनं लडाख, कारगिल, काझा, केलाँग अशा भागांसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल आणलं. म्हणून इथून टाकी भरून थेट बर्फात जाऊ नये. वर पोहोचताना टाकी कमीत कमी ठेवावी आणि हिवाळी डिझेल विचारून भरावं. हीटरची छोटी टाकी लोक विसरतात, तीही आलीच. आणि रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतायची आपल्याकडची सवय तिथे इंजिनाला तडा देईल. निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी हवं.

एवढं सगळं केल्यावरही मी दोन गोष्टींशिवाय गाडी हाती देत नाही. एक, खाली आणि वर बंदच करता येणार नाहीत अशा दोन झरोक्या. दुसरी, कार्बन मोनॉक्साइड ओळखून ठणाणा करणारी छोटी डबी, उशाच्या उंचीवर. तिची किंमत गाडीच्या एका टायरपेक्षा कमी असते. पडदे, दिवे, स्पीकर यांवर हौसेनं खर्च करणारी मंडळी या डबीच्या पैशावर घासाघीस करतात. शेगडीचं विचारणाऱ्या त्या मुलानंही केली होती. मी म्हटलं, "मजुरीत कापून घे, पण डबी राहील."

त्या हिवाळ्यात सोलंगजवळ त्यांचा मुक्काम होता. रात्री बर्फ पडला, छतावरचा ढीग घसरून गाडीच्या बाजूला साचला आणि हीटरची धूर सोडणारी नळी त्यात गाडली गेली. धूर तळातून आत येऊ लागला. पहाटे तीनच्या सुमारास डबी ओरडली. चौघं उठले, दार ढकलून बाहेर पडले. एकाला उलटी झाली, बाकीच्यांची डोकी जड झाली होती. सकाळी त्याचा फोन आला. बराच वेळ तो नुसता "काका" एवढंच म्हणत होता. तेव्हापासून धुराची नळी मी बाजूच्या कडेपासून लांब, बर्फ साचणार नाही अशा ठिकाणी काढतो आणि बर्फ पडत असेल तर झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्री फावड्यानं ती जागा मोकळी करायला सांगतो.

कायद्याचंही लक्षात ठेवा. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. कॅराव्हॅनसाठी वेगळी मानकं आहेत. कागद नसतील तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते.

शेवटी एक सांगतो. हौसेनं गाडीत झोपणारे मूठभर आहेत. पोटासाठी झोपणारे पुष्कळ. आपल्याकडची मोसंबी दिल्लीच्या बाजारात नेणारा चालक डिसेंबरच्या धुक्यात ढाब्यावर ट्रक लावून केबिनमध्येच अंग टाकतो. ऊसतोडीला निघालेलं कुटुंब तर सगळं बिऱ्हाड गाडीवर लादून थंडीचे चार-पाच महिने कोपीत काढतं. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलं झालं. पण रस्त्यावरचे बहुतेक ट्रक त्याआधीचे आहेत. त्या केबिनमध्ये कुणी स्टोव्ह किंवा शेगडी पेटवून काचा लावून घेतल्या, तर होणारी गोष्ट तीच, जी दामनच्या खोलीत झाली.

तेव्हा तुमच्या घरातलं, गल्लीतलं, ओळखीतलं कुणी गाडी घेऊन उत्तरेला निघालं असेल, तर त्याला एवढं नक्की सांगा. जाळ बाहेर ठेव, पांघरूण आत घे, आणि कितीही गारठा असो, काच दोन बोटं उघडी ठेव.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)