मोटारीची साक्ष

कल्याणहून उल्हासनगर व अंबरनाथ यांवरून बदलापुरास जाणाऱ्या रस्त्यावर सायंकाळीं क्षणभर उभें राहिलें, तर मधूनच एखादी मोटार गर्जना करीत निघून जाते. तिच्या मालकानें मूळचा सायलेन्सर काढून रुंद नळी बसविलेली असते. हौसेला मोल नाहीं म्हणतात. परंतु या हौसेच्या पाठोपाठ एक अडचण येते. थोड्याच दिवसांत चालकापुढें इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो आणि कांहीं केल्या विझत नाहीं. मग मालक गॅरेजांत जातो. तेथें त्यास अंगठ्याएवढा एक पोलादी तुकडा दाखविण्यांत येतो. त्याच्या एका टोकास बाहेरून व दुसऱ्या टोकास आंतून आटे पाडलेले असतात आणि मधोमध एक बारीक भोंक असतें. याला स्पेसर म्हणतात. सेन्सर आणि धुराची नळी यांच्यामध्यें हा बसविला कीं दिवा विझतो आणि मालक संतुष्ट होऊन घरीं जातो. एवढ्याशा तुकड्यानें काय साधतें आणि काय बिघडतें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम इंजिनाचें काम पाहूं. एक भाग पेट्रोल पूर्णपणें जळावयास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु व अर्धवट जळलेलें पेट्रोल बाहेर पडतें. शिवाय ज्वलनाच्या प्रखर उष्णतेनें हवेंतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनचीं ऑक्साइडें तयार होतात. या तिन्ही शत्रूंचा समाचार घेण्यासाठीं नळींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसविलेला असतो. आमचे मिस्त्री लोक ज्याला थोडक्यांत ‘कॅट-कॉन’ म्हणतात, तो हाच. मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ लेप, असें त्याचें स्वरूप. तापलेल्या जाळींतून जातांना हे वायु बहुतांशीं नायट्रोजन, पाणी व कार्बन डायऑक्साइड या रूपांत पालटतात. मात्र हवा व पेट्रोल यांचें प्रमाण काटेकोर राहिलें तरच ही किमया साधते.

तें प्रमाण राखण्यासाठीं ऑक्सिजन सेन्सर लागतो. बॉश कंपनीनें बनविलेला हा सेन्सर १९७६ सालीं व्होल्वो मोटारींत प्रथम बसविण्यांत आला. त्यांतील झिर्कोनियाचें टोक तापलें म्हणजे बाहेरील हवेंतील व धुरांतील ऑक्सिजनची तुलना करून सूक्ष्म विद्युत्-दाब निर्माण करितें. धुरांत ऑक्सिजन उरला असेल तर हा दाब सुमारें ०.१ व्होल्ट असतो. पेट्रोल अधिक झालें असेल तर तो ०.९ पर्यंत चढतो. त्यावरून मोटारींतील संगणक पेट्रोल कमीअधिक करितो.

असे सेन्सर दोन असतात. एक कन्व्हर्टरच्या आधीं, दुसरा नंतर. साध्या जातीच्या पहिल्या सेन्सरचा दाब सारखा वरखालीं नाचतो. दुसऱ्याचा मात्र जवळजवळ स्थिर असावा लागतो. कारण कन्व्हर्टरमधील सेरियमचें ऑक्साइड ऑक्सिजन सांठवून ठेवतें व गरजेप्रमाणें परत देतें, त्यामुळें चढउतार तेथेंच जिरतात. शाळेच्या पुढल्या दारीं मुलांचा गलका आणि मागल्या वर्गांत शांतता असेल, तर मधले गुरुजी आपलें काम करीत आहेत असें समजावें, तसेंच हें आहे. दोन्हीकडे सारखाच गलका ऐकूं आला म्हणजे गुरुजी निजले आहेत किंवा वर्गांत नाहींतच! संगणक हेंच अनुमान काढितो, आणि सहसा सलग दोन प्रवासांत तोच दोष आढळला कीं ‘पी ०४२०’ या संकेतांकाची नोंद करून दिवा लावितो. कन्व्हर्टरचें काम ठरलेल्या मर्यादेच्या खालीं गेलें, एवढाच त्या संकेतांकाचा अर्थ.

आतां स्पेसरचें कसब ध्यानांत येईल. तो दुसऱ्या सेन्सरला धुराच्या प्रवाहांतून बाहेर ओढून एका आडोशाला बसवितो. बारीक भोंकांतून थोडाच वायु सावकाश त्याच्यापाशीं पोहोंचतो. त्यामुळें चढउतार बोथट होतात आणि सेन्सर सांगूं लागतो कीं सर्व शांत आहे. वर्गांत गुरुजी नाहींतच. फक्त ऐकणाऱ्याच्या कानांत बोळे घातले आहेत. नळींतून बाहेर पडणारें विष एका कणानेंही कमी झालेलें नसतें.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. दिवा लागला म्हणजे कन्व्हर्टर गेलाच, असें नव्हे. संकेतांक कोठें पाहावें तें सांगतो. कोणता भाग विकत घ्यावा तें सांगत नाहीं. नवी नळी जोडतांना वेल्डिंग कच्चें राहिलें किंवा गॅस्केट नीट बसलें नाहीं, तर सेन्सरच्या आधींच बाहेरची हवा आंत ओढली जाते आणि संगणकाचा उगाच गैरसमज होतो. स्पार्क प्लग नीट पेट घेत नसेल तर ‘पी ०३००’ सारखा संकेतांक येतो. मग न जळलेलें पेट्रोल कन्व्हर्टरमध्यें शिरून पेटतें व त्याची जाळी वितळूं शकते. म्हणूनच दिवा लुकलुकूं लागला तर वेग कमी करून गाडी शक्य तितक्या लवकर थांबवावी. सेन्सर आपल्या जागीं योग्य रीतीनें तापत नसेल तर त्याचाही निराळा संकेतांक येतो. या सर्वांवर एकच स्पेसर ठोकून देणें म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. चांगला मिस्त्री आधीं स्कॅनर लावून संकेतांक वाचतो, मग गळती शोधतो, मग प्लग पाहतो, आणि सर्वांच्या शेवटीं कन्व्हर्टरवर येतो.

कोणी म्हणेल, “कन्व्हर्टर काढलेला नाहीं, फक्त मोकळ्या जाळीचा बसविला आहे, म्हणून दिवा उगीच लागतो.” हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु ज्या जाळीचें काम मोटारीच्या स्वतःच्या कसोटीस उतरत नाहीं, ती कमी शुद्धि करीत असणें अधिक संभवनीय. तिच्या जागीं योग्य मापाचा कन्व्हर्टर घालणें महाग पडतें, हें खरें. पण स्पेसर बसविला कीं पुढें खरोखर बिघाड झाला तरी दिवा मुकाच राहतो.

पी. यू. सी. चें प्रमाणपत्र आहे, मग भीति कसली, असेंही विचारतात. पेट्रोल मोटारीच्या त्या तपासणींत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. भारत स्टेज चारच्या गाडीस मंद गतीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. नायट्रोजनचीं ऑक्साइडें तेथें मोजलींच जात नाहींत. म्हणजे त्यांच्यावर रोजची नजर ठेवणारा साक्षीदार तो मोटारींतला दुसरा सेन्सरच, आणि त्याचेंच तोंड बांधण्यांत येतें. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्वाळा दिला कीं उत्पादकाच्या मूळ रचनेहून भिन्न होईल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वयें करतां येत नाहीं.

साक्ष फिरविण्याचा मोह गॅरेजापुरताच नाहीं. २०१५ सालीं फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांत चांचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी योजना उघडकीस आली. पुण्याच्या ए. आर. ए. आय. या संस्थेनें चांचण्या केल्यावर त्या वर्षींच्या डिसेंबरांत भारतांतील सुमारें ३ लाख २४ हजार गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलावण्याचें कंपनीनें जाहीर केलें. एवढ्या मोठ्या कंपनीस जें पचलें नाहीं, तें लेथवर कातलेल्या तुकड्याच्या जोरावर पचवावयाचें हें शहाणपण नव्हे.

आणि हें सारें कोठें चाललें आहे? सुमारें १३ चौरस किलोमीटरांत २०११ च्या शिरगणतीप्रमाणें ५ लाखांहून अधिक माणसें वसलेल्या उल्हासनगरांत. २०१४ सालीं वालधुनी नदींत कोणीं रासायनिक द्रव सोडला आणि त्याच्या वायूनें कांठचे शेंकडों लोक आजारी पडले, हें या गांवानें पाहिलें आहे. हवेचीं राष्ट्रीय मानकें न गांठणाऱ्या शहरांच्या केंद्र सरकारच्या यादींत उल्हासनगर व बदलापूर या दोघांचींही नांवें आलीं. नदींत टँकर रिता करणारा आणि सेन्सर आडोशाला बसविणारा यांच्या अपराधांत अंतर पुष्कळ आहे. तथापि दोघांचा भरंवसा एकच, कोणी पाहत नाहीं हा. कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं. दिवा विझला तरी धूर रस्त्याच्या कडेनें शाळेस जाणाऱ्या मुलाच्या छातींत शिरतोच. गाडी हौसेनें सजवावी, परंतु तिला बोलूं द्यावें. आणि ती बोलली म्हणजे तिचें म्हणणें आधीं ऐकून घ्यावें.