भिंगाची निगा



कॅमेरा ही आता गावात नवलाची वस्तू राहिलेली नाही. शाळेच्या कपाटात एखादा असतो, खिशातल्या मोबाईलमध्ये तर असतोच. पण त्याच्या भिंगावर धूळ बसली की आपण काय करतो? धोतराचा सोगा, नाही तर सदऱ्याचे टोक धरतो आणि खसाखसा पुसतो. भिंगाचा घात होतो तो इथेच, बरं का!

धूळ दिसायला मऊ. पण तिच्यात गारगोटीचे बारीक कण असतात आणि गारगोटी काचेहून कठीण. म्हणजे कोरडे पुसणे हे काचेवर कानस फिरवण्यासारखेच झाले. शिवाय भिंगावर एक पातळ लेप असतो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शेकडा चार भाग प्रकाश परत फिरतो. तो वाया जाऊ नये म्हणून हा लेप. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाइतकी! तो एकदा खरवडला गेला की पुन्हा घरी देता येत नाही.

मग करावे काय? आधी रबरी फुग्याने वारा घालून धूळ उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे शिंतोडे बसतात. उरलेली धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. त्यानंतरही बोटाचा डाग राहिलाच, तर भिंगासाठी मिळणाऱ्या मऊ कागदावर भिंगाच्याच द्रावणाचा एक थेंब घ्यावा आणि मधून कडेकडे गोल पुसत जावे. द्रावण भिंगावर थेट ओतू नये. ते कडेने आत झिरपते. आणि डाग नसेल तर पुसूच नये. काम संपताच झाकण लावावे, हे सगळ्यांत स्वस्त औषध.

उन्हाळ्यात धूळ, तर पावसाळ्यात बुरशी. आषाढात पंढरपूरला वारीचे फोटो काढून आलात आणि ओला कॅमेरा तसाच चामडी पेटीत कोंबलात, तर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. तिच्या आम्लाने लेप आणि पुढे काचही खाल्ली जाते. म्हणून कॅमेरा आधी कोरडा करावा. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. तांदळात मात्र पुरू नये. त्याची भुकटी आत शिरते. अधूनमधून बाहेर काढून वापरावा. न वापरलेला कॅमेराच लवकर बुरसतो.

गुरुजनहो, एवढी खटपट कशाला, असे मुले विचारतील. त्यांना नान्नजचे उदाहरण सांगा. माळढोकासाठी तिथे १९७९ साली अभयारण्य झाले. आज तो पक्षी आपल्या माळावर क्वचितच दिसतो. उद्या एखाद्या विद्यार्थ्यासमोर तो घटकाभर उभा राहिला आणि भिंगच अंधुक निघाले, तर? भिंग दुसरे आणता येईल. ती घटका आणता येणार नाही.