घरच्या पडद्याची निवड

शहागंजच्या मंडईत भेंडीचे टोक मोडून पाहिल्याखेरीज गृहिणी ती घेत नाही. सायंकाळी दूरचित्रवाणीपुढे मात्र ही पारख गळून पडते. एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होतो आणि सारे घर बसून राहते. १९८७ साली ‘रामायण’ लागे, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. रविवारची सकाळ दूरदर्शनने ठरविलेली असे. आज ते काम घराचे आहे. शनिवारी जेवतानाच ठरवावे. आचार्य अत्रे यांचा १९५३ चा ‘श्यामची आई’ जरूर दाखवावा; पण मुलांना एकटे बसवून नव्हे. दादासाहेब फाळक्यांच्या जिद्दीवरचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आजोबा-नातवाने एकत्र पाहावा, दोघेही हसतील. पुढच्या शनिवारी निवड नातवाची; आजोबांनी कुरकुर न करता शेवटपर्यंत बसावे.