व्हिममध्ये शिरताना

टर्मिनलवर ‘व्हिम’ हा मजकूर-संपादक पहिल्यांदा उघडणाऱ्याची फजिती ठरलेलीच. टाइप करावं तर अक्षरं उमटत नाहीत, कर्सरच भलतीकडे पळतो. आणि बाहेर पडायची वाटही सापडत नाही!

कारण साधं आहे. व्हिम उघडतो तो आज्ञा ऐकायच्या तयारीत. लिहायचं असेल, तर आधी ‘आय’ दाबा. लिहून झालं की ‘एस्केप’. आता तीच अक्षरं पुन्हा आज्ञा होतात. दोनदा ‘डी’ दाबलं की अख्खी ओळ गायब. ‘यू’ दाबलं की परत हजर. पाच ओळी उडवायच्या आहेत? आधी ५, मग दोनदा डी.

कर्सर हलवायला एच, जे, के, एल. म्हणजे डावीकडे, खाली, वर, उजवीकडे. हीच अक्षरं का? व्हिमचा पूर्वज ‘व्हीआय’ बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत लिहिला, तो एडीएम-३ए टर्मिनलवर. त्याच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते! व्हिम आणला नेदरलँड्सच्या ब्राम मूलेनार यांनी, १९९१ मध्ये.

बाहेर पडताना एस्केप, मग कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर. बदल जतन करायचेच नसतील, तर कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. हे कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा. मीही चिकटवलं होतं. आणि हो, कळफलक मराठीवर असेल तर या आज्ञा चालत नाहीत, तो आधी इंग्रजीवर आणा.

आज टर्मिनलवर ‘व्हिमट्यूटर’ एवढंच टाइप करून पाहा. धडा साधारण अर्ध्या तासाचा आहे.