संगीतयंत्रांची महागाई आणि ग्राहकाचा विवेक

(व्याख्यानाचा मजकूर)



संगीत सोबत घेऊन फिरण्याची हौस जुनीच. पण तिला खरे रूप आले ते १९७९ साली. त्या वर्षीच्या १ जुलै रोजी जपानच्या सोनी कंपनीने ३३,००० येन किमतीचा वॉकमन बाजारात आणला. २००१ साली अमेरिकेतील ॲपल कंपनीने ३९९ डॉलरचा आयपॉड आणला आणि एक हजार गाणी तळहातावर मावू लागली. पुढे मोबाईल फोननेच हे काम अंगावर घेतले आणि मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉडचा अध्याय मिटविला. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता स्वतंत्र संगीतयंत्राची कथा येथेच संपावयास हवी होती. परंतु सर्वसामान्यांच्या हातून गेलेले हे यंत्र रसिकांच्या एका लहान वर्गासाठी अतिशय महाग होऊन परतले.

या परतीचे ठळक उदाहरण म्हणजे दक्षिण कोरियाची ॲस्टेल अँड कर्न ही नाममुद्रा. तिचे पहिले यंत्र, एके१००, २०१२ साली ६९९ डॉलरला आले. २०१४ साली एके२४० ची किंमत २,४९९ डॉलर झाली आणि २०१५ साली एके३८० ची ३,४९९ डॉलर. तीन वर्षांत पाचपट! सोनीनेही २०१६ साली सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या कवचाचा वॉकमन ३,१९९ डॉलरला आणला. २०२२ साली त्याची पुढची आवृत्ती ३,६९९ डॉलरला आली.

या भाववाढीस काही रास्त कारणे आहेत, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. नग थोडे विकले जातात, त्यामुळे संशोधनाचा खर्च थोड्याच ग्राहकांवर वाटला जातो. तांब्याच्या वा पोलादाच्या ठोकळ्यातून कवच कोरून काढणे खर्चिक असते. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथे असाही कासेई उद्योगसमूहाच्या चिप-कारखान्यास आग लागली. डिजिटल आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या त्याच्या चिप्स अनेक यंत्रांत वापरल्या जात. पुरवठा खुंटला आणि कित्येक उत्पादकांना रचनाच बदलावी लागली.

परंतु किमतीच्या चिठ्ठीवर दिसत नाही असा एक खर्च आहे. तो म्हणजे वारंवार बदलण्याचा. २०१५ साली ३,४९९ डॉलरवर पोहोचलेली ॲस्टेल अँड कर्नची वरची किंमत २०२५ सालच्या एसपी४००० साठी ३,९९९ डॉलर झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढ सुमारे १४ टक्के. मात्र २०१७, २०१९, २०२२ आणि २०२५ या वर्षी नवे प्रमुख यंत्र आले आणि मधल्या काळात त्यांचीच उपरूपे येत राहिली. चीनच्या फियो कंपनीच्या एम११ या यंत्रामागून २०१९ ते २०२२ या काळात प्रो, प्लस आणि एस अशी तीन भावंडे आली. कालचे यंत्र बिघडलेले नसते. केवळ ते 'कालचे' झालेले असते.

भारतीय ग्राहकाचा हिशेब याहून कठीण आहे. २०१५ साली डॉलर सुमारे ६४ रुपयांचा होता, २०२५ साली तो सुमारे ८७ रुपयांचा झाला. कर आणि शुल्क बाजूला ठेवले तरी सव्वादोन लाखांच्या जागी साडेतीन लाखांच्या जवळपास रक्कम मोजावी लागते. डॉलरमधील १४ टक्क्यांची वाढ रुपयांत निम्म्याहून अधिक होते.

आता खतावणी मांडून पाहावी. समजा, एखाद्या नोकरदार तरुणाने तीन लाखांचे यंत्र घेतले आणि दोन वर्षांनी निम्म्या किमतीत विकून तेवढ्याच किमतीचे नवे घेतले. असे तीनदा केल्यास सहा वर्षांत साडेचार लाखांचा घसारा होतो. तेच यंत्र सहा वर्षे वापरून अखेरीस त्याचे काहीच आले नाही असे धरले, तरी खर्च तीन लाख. दीड लाखाचा हा फरक केवळ नावीन्याचा आहे. एखाद्या घराच्या शिक्षणखर्चात वा आजारपणाच्या तरतुदीत त्याचे मोल फार मोठे ठरते.

या बदल्यात कानाला काय मिळते? सीडीचे प्रमाण १९८२ पासून एकच आहे: सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट. मनुष्याचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयोमानाने ही मर्यादा खाली येते. सीडीचे प्रमाण या मर्यादेस पुरून उरते. म्हणजे जाहिरातीत आकडे वाढले, तरी ऐकणारा कान तोच राहतो. जड हेडफोनला पुरेशी शक्ती देणे, पार्श्वभूमीतील खरखर कमी असणे, बटणांची सोय, हे फरक खरे आहेत. परंतु त्यांसाठी दर दोन वर्षांनी नवे यंत्र लागत नाही. हेडफोन बदलल्याने आवाजात जेवढा फरक पडतो, तेवढा एका चांगल्या यंत्राऐवजी दुसरे चांगले यंत्र घेतल्याने सहसा पडत नाही.

कापडाचा जाणता ग्राहक दुकानातील दिव्याखाली रंग पसंत करीत नाही. ठाण उजेडात नेऊन पाहतो. संगीतयंत्राचीही पारख अशीच करावी. किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो, म्हणून जुने व नवे यंत्र समान पातळीवर, तेच गाणे लावून आणि नाव न पाहता ऐकावे. फरक ओळखता आला नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत. घ्यावयाचेच झाल्यास बॅटरी बदलून मिळते काय, सॉफ्टवेअरची सुधारणा किती वर्षे मिळेल, हे आधी विचारावे. लिथियम बॅटरी काही शेकडो वेळा भरल्यावर क्षीण होते. ती बदलता आली नाही, तर लाखाचे यंत्रही तिच्याबरोबरच निवृत्त होते.

हौस ही दोषास्पद गोष्ट नव्हे. संगीताची हौस तर माणसाला समृद्ध करते. मात्र गाणे ऐकण्याचा वेळ नव्या यंत्रांची माहिती चाळण्यात जाऊ लागला, म्हणजे हौसेचे धनी आपण न राहता बाजार होतो. चांगले यंत्र एकदाच पारखून घ्यावे, जपून वापरावे आणि उरलेला वेळ गाण्याला द्यावा. त्यातच पैशाचे आणि स्वरांचे, दोन्हींचे चीज आहे.