पट्टी वाचणार कोण?

(पांढुर्णा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय, ‘वर्तनाधारित चाचणीचे साधन कसे निवडावे’. टेस्टिंग म्हणजे काय, ते नागपूर-पुण्याला नोकरीला असलेल्या तुमच्या पोरांनी सांगितलंच असेल. वर्तनाधारित म्हणजे प्रोग्रॅम कसा वागावा ते साध्या वाक्यांत लिहून तपासणं, एवढं सांगून पुढे जातो. डॅन नॉर्थ यांचं जेबिहेव्ह हे साधन २००३च्या सुमाराचं, अस्लाक हेलेसॉय यांचं क्युकम्बर २००८चं. त्यानंतर नावांचा नुसता बाजार भरलाय. यातलं चांगलं कोणतं, असं सगळे विचारतात. मी विचारतो, चाचणी वाचणार कोण? एकटा प्रोग्रॅमरच वाचणार असेल तर यातलं काहीही घेऊ नका. त्याला जेयुनिट, पायटेस्ट ही नेहमीची साधनं भरपूर झाली. इथे प्रत्येक वाक्यामागे वेगळा कोड लिहून तो सांभाळावा लागतो. ती मेहनत कोणासाठी?

(हसा, हसा. पण ऐका.)

वाचणारा दुसरा असेल तर? संत्र्याच्या अडतीचा हिशोब घ्या. क्युकम्बरची वाक्यं ज्या भाषेत लिहितात त्या घेर्किनला मराठी येते. फीचर फाइलच्या पहिल्या ओळीत भाषा सांगायची, मग ‘परिदृश्य’, ‘जर’, ‘जेव्हा’, ‘मग’ चालतात. जर ४० क्रेट आले, जेव्हा २५० रुपये क्रेटने लिलाव सुटला, मग क्रेटमागे ५ रुपये हमाली कापून शेतकऱ्याच्या हाती पट्टी ९८०० रुपयांची. आकडे सोयीचे घेतलेत, भाव विचारू नका. हे एका अडत्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “अन् दोन क्रेट डागी निघाले तं?” प्रोग्रॅमच्या फॉर्ममध्ये डागी मालाला जागाच नव्हती! ३८ क्रेटचे ९५०० झाले. आता हमाली ४०ची की ३८ची? पट्टी ९३००ची की ९३१०ची?

बघा, दहा रुपयांवरून सभागृहाचे दोन तट! अहो थांबा, गोटमारीची दगडफेक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीवर. इथे नको. पण हे भांडण प्रोग्रॅम लिहिण्याआधी व्हायला हवं. साधनाची किंमत तेवढीच, आणि अडत्याने वाचलं नसतं तर तीही शून्य.

सौंसरचे एक जण म्हणताहेत, आमचा कागद हिंदीत असतो. घेर्किनमध्ये ‘अगर, जब, तब’ही आहे, पण एका फाइलला एकच भाषा. अडत्या ४० देवनागरीत लिहील, तिथे जपा. पायथॉन तो आकडा धरतं, जावा आणि जावास्क्रिप्टमधली आकड्याची नेहमीची खूण मात्र इंग्रजी आकडेच ओळखते. साधन निवडण्याआधी देवनागरी ४०ची ही एक ओळ चालवून बघा, जाहिराती मागाहून वाचा.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. कराटे नावाचं साधन राहिलं. शब्द घेर्किनचेच, पण ते एपीआय तपासणाऱ्यांचं, अडत्याला त्यात रस नाही. रोबोट फ्रेमवर्कही राहिलं, आणि आता माईक काढून घेताहेत. डॉटनेटवाले हात वर करताहेत, त्यांच्यापुरतं सांगतो. स्पेकफ्लो २०२४ अखेर बंद झालं, त्यातूनच निघालेलं रेकन्रोल घ्या. जुन्या फीचर फाइली बहुतेक तशाच चालतील.