आपोआप फुटणारा परमाणु आणि तबकड्या रंगविणाऱ्या मुली

(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हां मागून कोणीसें म्हणालें, "मास्तर, हें मोठ्या शिकलेल्यांचें काम. आम्हां कुणब्या-लोहारांना त्याचें काय?" ह्या प्रश्नाचा आम्हांला राग आला नाहीं, पिढ्यान् पिढ्या हेंच ऐकविलें गेलें म्हणजे माणूस तेंच बोलूं लागतो. तरी उत्तर देणें भाग आहे, म्हणून पुस्तकांतली व्याख्या बाजूला ठेवून आम्ही एका कारखान्यापासून आरंभ करतों.

अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांत ऑरेंज म्हणून एक गांव आहे. १९१७ सालीं तेथें घड्याळाच्या तबकड्या रंगविण्याचा कारखाना निघाला. पहिलें महायुद्ध चालू होतें आणि शिपायांना अंधारांत वेळ दिसणारीं घड्याळें हवीं होतीं. त्यासाठीं आंकड्यांवर रेडियम घातलेला रंग देत. कामावर बहुतेक कोवळ्या वयाच्या मुली, आणि मजुरी नगावर. आंकडा बारीक, म्हणून कुंचल्याचें टोंकही बारीक हवें. तें ओठांत धरून करावें असें त्यांना शिकविलेलें होतें. कुंचला ओठांत, मग रंगांत, मग तबकडीवर, पुन्हां ओठांत. असें दिवसभर. ह्यानें अपाय होत नाहीं, असें त्यांना सांगण्यांत आलें होतें. कित्येकींनीं गंमत म्हणून नखांना, दांतांनासुद्धां तो रंग लावला. रात्रीं घरीं परततांना त्यांचे केंस व कपडे चमकत. त्याच कारखान्यांतले रसायनज्ञ मात्र रेडियम हाताळतांना शिशाचे आडपडदे आणि चिमटे वापरीत. एवढी गोष्ट ध्यानांत ठेवा.

आतां हें रेडियम म्हणजे काय? १८९६ सालीं पॅरिसमध्यें आंरी बेकरेल यांना आढळलें कीं, युरेनियमचे क्षार काळ्या कागदांत गुंडाळलेल्या फोटोच्या कांचेवरही डाग पाडतात. ऊन नको, विस्तव नको. हा धागा मारी क्यूरी यांनीं पुढें नेला. ह्या बाई वॉर्सा शहरांतल्या एका शाळामास्तरांची मुलगी. तेथें रशियाचें राज्य होतें आणि विद्यापीठाचें दार बायकांना बंद होतें, म्हणून त्या पॅरिसला गेल्या. ज्यांच्या घरांत सावित्रीबाईंचें नांव निघतें त्यांना ह्यावर अधिक सांगणें नको. त्यांनीं व त्यांचे पति पिएर यांनीं १८९८ सालीं रेडियम शोधून काढलें. मग एका गळक्या छपराखालीं, युरेनियम काढून घेऊन फेंकलेला खाणीचा गाळ टनावारी उकळून, १९०२ पर्यंत त्यांतून एका ग्रॅमचा दहावा भाग रेडियमचा क्षार हातीं लागला.

सर्व पदार्थ परमाणूंचे बनलेले आहेत. परमाणूच्या मधोमध एक गर्भ असतो. त्यांत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असे दोन जातींचे कण. प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात, आणि अगदीं जवळून काम करणारी एक पकड त्यांना धरून ठेवते. लहान गर्भास ती पकड पुरते. मोठ्या गर्भाची स्थिति मात्र बेसुमार ऊंस भरलेल्या गाडीसारखी असते. रेडियमच्या गर्भांत ८८ प्रोटॉन आणि १३८ न्यूट्रॉन, एकूण २२६. अशी गाडी केव्हां ना केव्हां भार टाकतेच. दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन यांची एक जुडी प्रचंड वेगानें बाहेर उडते. तिला आल्फा कण म्हणतात. मागें उरलेला २२२ चा परमाणु हा रेडियम नव्हेच. तो रेडॉन नांवाचा वायु झालेला असतो. तोही टिकत नाहीं. तो फुटतो, त्याचा वारस फुटतो. कधीं आल्फा निघतो, कधीं इलेक्ट्रॉन निघतो त्यास बीटा म्हणतात, आणि पुष्कळदां सोबत गॅमा किरण. असें होतां होतां शेवटीं शिसें बनतें, तेव्हां कोठें तें घराणें स्वस्थ बसतें.

एक मूलतत्त्व आपोआप दुसरें होतें, हें १९०२ च्या सुमारास रदरफर्ड व सॉडी यांनीं दाखवून दिलें. दागिने दुप्पट करून देतों म्हणून ज्या बुवांनीं आमच्या बायाबापड्यांचीं डोरलीं लांबविलीं, त्यांनीं हें ऐकावें. खरी किमया कोणाच्या मंत्रानें सुरू होत नाहीं आणि मंत्रानें थांबतही नाहीं.

ती किती वेगानें चालते? कढईंत ज्वारीच्या लाह्या फुटूं लागल्या म्हणजे पुढचा दाणा कोणता हें कोणीही सांगूं शकत नाहीं. पण निम्मे दाणे फुटायला किती वेळ लागेल हें भाजणारी बाई बरोबर सांगते. परमाणूंचें तसेंच आहे, फक्त येथें चूल नाहीं. रेडियम तापवा, गोठवा, ठेंचा, चाल तीच. निम्मे परमाणु फुटण्यास १६०० वर्षें, उरलेल्यांतले निम्मे फुटण्यास पुन्हां १६०० वर्षें. रेडॉनचे निम्मे चार दिवसांच्या आंत संपतात.

आतां त्या मुलींकडे वळूं. आल्फा कणाचा मारा जबर, पण धांव तोकडी. वहीचा कागद त्याला अडवितो, आपल्या कातडीचा वरचा मेलेला थरही अडवितो. परंतु रेडियम हें चुन्याचें भाऊबंद. दुधांत व हाडांत जें कॅल्शियम असतें त्याच्याशीं त्याचा स्वभाव जुळतो. शरीर फसतें आणि त्याला चुना समजून हाडांत बसवितें. तेथें मध्यें कागद नाहीं, कातडी नाहीं. वर्षानुवर्षें चोवीस तास मारा चालू. मुलींचे दांत पडूं लागले, जबडे सडले, हाडें मोडूं लागलीं, कित्येकींना हाडांचा कर्करोग झाला.

मॉली मॅगिया ही १९२२ सालीं गेली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर उपदंश असें लिहिलें गेलें. घाम गाळून पोट भरणाऱ्या पोरीच्या अब्रूवर मेल्यावरही डाग! १९२७ सालीं तिचें प्रेत उकरून तपासलें तेव्हां हाडांत रेडियम सांपडलें, उपदंशाचा मागमूस नाहीं. तत्पूर्वीं १९२४ सालीं कंपनीनेंच बोलाविलेल्या हार्वर्डच्या डॉ. ड्रिंकर यांनीं दोष रेडियमचा असल्याचें लिहून दिलें होतें. कंपनीनें तें दाबलें आणि सरकारच्या मजूर खात्याकडे फिरविलेला मजकूर पाठविला. पुढच्या सालीं डॉ. मार्टलंड यांनीं जिवंत मुलींच्या श्वासांतच रेडॉन पकडला. हाडांत बसलेला बाप श्वासावाटे आपल्या लेंकराची वर्दी देत होता. तेथें मालकाचें कारकुनी कसब चालेना.

ग्रेस फ्रायर हिनें व तिच्या चौघी सोबतिणींनीं १९२७ सालीं फिर्याद केली. वकील मिळतांमिळतां दोन वर्षें गेलीं होतीं. कायद्याची मुदत दोन वर्षांची, आणि रोग तर त्याहून उशिरां दिसणारा! १९२८ च्या जूनमध्यें तडजोड झाली: प्रत्येकीस दहा हजार डॉलर रोख, हयातीपर्यंत सालिना सहाशें डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. ग्रेस १९३३ सालीं वारली. १९४१ सालीं अमेरिकेंत माणसाच्या शरीरांत किती रेडियम चालेल याची पहिली मर्यादा ठरली, ती ह्याच मुलींच्या हाडांच्या मोजमापावरून. त्या हाडांतल्या रेडियमचे शंभर वर्षांनंतरही शेंकडा ९५ हून अधिक भाग तसेच शिल्लक आहेत.

येथें कांदेवाले विचारतील, मग लासलगांवच्या केंद्रांत कांद्यावर किरण सोडतात तें कसें? तें केंद्र २००२ पासून आहे. २००७ पासून तेथून हापूस आंबाही अमेरिकेस जाऊं लागला. तेथें कोबाल्ट-६० चे गॅमा किरण मालावरून जातात आणि कांद्याचा कोंब मरतो. किरण लागणें वेगळें आणि किरण सोडणारा परमाणु पोटांत जाणें वेगळें. उन्हांत वाळविलेल्या मिरचींत सूर्य शिरत नाहीं. तसा तो कांदा स्वतः किरण सोडीत नाहीं.

लोहार, तांबट व भंगारवाले बंधूंना मात्र एक वेगळें सांगणें आहे. २०१० च्या एप्रिलमध्यें दिल्लींत मायापुरीच्या भंगार बाजारांत विद्यापीठाच्या लिलांवांतून एक जुनें यंत्र आलें. आंत कोबाल्ट-६० होतें. हें मजुरांना कोणीं सांगितलें नाहीं. त्यांनीं तें धातूच्या भावानें फोडलें. एक मजूर मेला, कित्येक दवाखान्यांत पडले. यंत्र विकणारे शिकलेलेच होते.

शिशाची अवजड पेटी किंवा नळकांडें भंगारांत आलें तर हातोडा लावूं नये, दूर सरावें, मुलांना हटवावें आणि पोलिसांस कळवावें. त्यावर बहुधा पिवळ्या रंगावर एक खूण असते: मध्यें वाटोळा ठिपका, भोंवतीं पंख्यासारखीं तीन पातीं. आम्ही ती आतां फळ्यावर काढतों. मुलांनीं पाटीवर उतरून घ्यावी आणि घरीं जाऊन वडील मंडळींस दाखवावी.